डावं पायडल

मनू,

फोटो मिळाला. शेल्फ मस्त लागलंय. सरळ आहे, मी मोबाईल आडवा धरून उभा धरून दोन्हीकडून बघितलं, सरळच आहे. बाबा असते तर त्यांनी मोबाईलच्या स्क्रीनवर पाणसळ ठेवून बघितली असती आणि म्हणाले असते की बुडबुडा अर्धा केस डावीकडे आहे, परत कर.

पण मनू, त्या फोटोत खाली कोपऱ्यात तुझी ऑफिसची खुर्ची दिसतेय. चाकांची. सीटवर पांढऱ्या धुळीचे पावलाचे ठसे आहेत. मी झूम करून बघितलं.

खरं सांगते, खुर्चीवर काहीही बोलायचं नाही असं ठरवून बसले होते मी सकाळपासून. तू गेलीस त्याला पंधरा दिवस झाले, पंधरा दिवसांत एक फोन नाही, मेसेज नाही, आणि आज आला तर नुसता फोटो, वर खाली एक अक्षर नाही. मला कळतं त्याचा अर्थ काय ते. राग गेला नाहीये पण आईला दाखवावंसं वाटलं. तर मी आधी शेल्फबद्दलच बोलायला पाहिजे होतं, पानभर. चारच वाक्यं जमली.

बरं आता शेल्फ. भोकं कशी पाडलीस ते मला फोटोवरूनच कळलं. भिंतीखाली पाकिटाचा चिकटवलेला तुकडा अजून तसाच आहे, म्हणजे धूळ पाकिटात पडावी म्हणून तू बाबांसारखंच पाकीट टेपनं लावलंस. काढायला विसरलीस, तेही बाबांसारखंच. आणि ड्रिलच्या टोकाच्या बिटला किती खोल जायचं त्या खुणेची टेप गुंडाळली असशील नक्की. प्लास्टिकची गिट्टी हातोडीनं ठोकून आत बसवताना बाजूचं प्लास्टर उडालं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. मी दादाला पण फोटो पाठवला, शेजारच्या काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या मुलीनं एकटीनं केलं? मी म्हटलं हो मग, बापाची मुलगी आहे. (खुर्ची मी फोटोतून कापून टाकली होती दाखवताना.)

एक विचारू का, स्विचबोर्ड त्या शेल्फपासून किती लांब आहे? बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, आतून वायर बहुतेक उभीच गेलेली असते, हे बाबांनी तुला सांगितलंय ना? आणि भाड्याच्या घरात कुणी कुठून वायर नेलीय देव जाणे. मेन बंद करून ड्रिल चालत नाही हे मला पण कळतं, तुझं बॅटरीवालं आहे पण, तुझं चालतं, तू बंद करू शकतेस मेन. बाबा टेस्टरनं एकदा बघून, मग हाताची मागची बाजू लावून... जाऊ दे. मी लेक्चर द्यायला लागले. सॉरी. भोकं पाडून झालीत, तू जिवंत आहेस, शेल्फ लागलंय, आणि मी आता काय वायरी शोधतेय.

टेस्टर म्हणजे खबऱ्या. आठवतंय? टूलबॉक्स तू घेऊन गेलीस तेव्हा मी काही बोलले नाही पण नंतर रात्री वाटलं की तिला सगळ्यांची नावं आठवत असतील का. टेस्टर खबऱ्या, कारण तो करंट कुठे लपलाय ते सांगतो. ड्रिल म्हणजे वरचे काका, घोरण्यामुळे. मोठी हातोडी मोठे साहेब, आणि पकड म्हणजे आत्या, एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. आत्या समोर बसलेली असताना तुम्ही दोघं "आत्या कुठेय, आत्याला दे इकडे, आत्याला तेल पाजायला पाहिजे" असं चालू करायचात आणि मला आत जाऊन तोंडात पदर कोंबावा लागायचा. तिला कळलंच शेवटी. परवा आली होती, म्हणाली माझी पकड मनूकडे गेली ना? माझी पकड म्हणाली. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, काय हात होता त्यांच्या हातात, काहीही दुरुस्त करायचे. मी मान हलवते. पण तुला म्हणून सांगते, काहीही वगैरे नाही हं. हौशी माणूस होता, कारागीर नव्हता. बाथरूमची कडी नऊ वर्षं उलटी होती, बसवली त्यांनीच. वॉशिंग मशीन उघडलं ते बंदच होईना, चार दिवस कपडे बादलीत, शेवटी मेकॅनिक बोलावला तर हा माणूस त्याच्याशेजारी हाताची घडी घालून उभा राहून म्हणतो, "कुणीतरी उघडलेलं दिसतंय." त्या मेकॅनिकचा चेहरा! आणि ती काचेची बरणी, तू नेली नाहीस, माझ्याकडेच आहे, लेबल त्यांच्या अक्षरात, "कशाचे ते माहीत नाही, टाकू नये." अर्धी बरणी स्क्रू. म्हणजे या घरातली निम्मी यंत्रं अर्ध्या स्क्रूवर चालू आहेत.

पण पंखा त्यांनी खरंच केला होता. हॉलमधला रडतखडत फिरायचा, मी म्हणत होते नवीन घेऊ, ते म्हणाले त्याला म्हातारपण नाही आलंय, त्याचा कॅपॅसिटर गेलाय, २.५ मायक्रोफॅरड असतो तो, बदलला की पळेल. आणि पळाला. तुला वर बोलावून दाखवलं होतं की स्विच बंद केला तरी कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, लगेच हात लावायचा नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होतीस तू, नऊ-दहा वर्षांची, आणि शिडी मी धरली होती, शिडी मी नेहमी धरायचे. तुझ्या दहावीच्या निकालाला त्याच पंख्याच्या पात्यांवर रंगीत कागदाचे तुकडे रचून ठेवले त्यांनी, तू दार उघडून आत आलीस आणि बटण दाबलं. तू गोल गोल नाचत होतीस आणि ते तुझ्यापेक्षा जास्त. पुढे चार महिने कपाटामागून कागद निघत होते. झाडत कोण होतं ते सांगायची गरज नाही.

आणि पायडल. मला माहितेय तुला तो विषय काढलेला आवडत नाही पण आज मला काढायचाय.

तू अकरा वर्षांची, सायकलचं डावं पायडल काढायचं होतं. बाबांनी तुला आधी उजवं काढून दाखवलं, म्हणाले आता दुसरं तू काढ. तू पान्हा लावला आणि उजव्यासारखंच फिरवलं. हलेना. मग दोन्ही हातांनी, मग पान्ह्यावर पाय देऊन, शेवटी भिंतीला धरून पान्ह्यावर उभी राहिलीस. आणि ते पायरीवर बसून शांतपणे बघत होते. अर्धा तास. मग म्हणाले, "छान घट्ट केलंस." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पाय मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून, ते उलट्या दिशेनं सुटतं, हे त्यांनी तुला तेव्हा सांगितलं! तू पान्हा फेकलास आणि खोलीचं दार लावून घेतलंस. रात्री दार उघडलंस तर दाराबाहेर हा माणूस गळ्यात पुठ्ठा अडकवून बसलेला, पुठ्ठ्यावर लिहिलेलं, "मी डावं पायडल आहे. मला माफ करा." तुला हसू आलं पण तू हसली नाहीस, तशीच पाणी प्यायला गेलीस. ते माझ्याकडे बघून म्हणाले, नाही गं, डावं पायडल हीच आहे.

त्या दिवसापासून आपल्याकडे हट्टी माणसाला डावं पायडल म्हणतात. ज्याला आपण सोडवायला जातो आणि ते अजून घट्ट होत जातं.

तू गेलीस त्या सकाळी मी तेच केलं तुझ्याशी. समजावत गेले. मी समजावतेय आणि तू गप्प होत चाललीयस हे मला दिसत होतं तरी मी थांबले नाही. तू एकच वाक्य बोललीस, "आई, तू मला १९ दिवस फसवलंस," आणि टूलबॉक्स उचलून रिक्षात बसलीस.

हो. १९ दिवस. मी मोजले नव्हते, तू मोजलेस.

आता जे मी त्या सकाळी नीट सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं पण बचाव करत सांगितलं, ते एकदा सरळ लिहिते. घड्याळाचा सेल बदलायचा होता. एवढंच. ज्या माणसानं आयुष्यभर शिड्या चढल्या तो घड्याळाच्या सेलसाठी त्या लाकडी स्टुलावर चढला, जे त्यांनीच केलं होतं आणि ज्याचा एक पाय पहिल्या दिवसापासून आखूड आहे, खाली घडी घातलेला पुठ्ठा ठेवायचा. "उद्या करतो" म्हणायचे. तुला शिडीचं सगळं शिकवलं ना त्यांनी, चार फूट उंचीला एक फूट पाय लांब ठेवायचा, पोटावरचं बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, वाकून हात लांब करण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवायची. मग स्वतः स्टुलावर का? कारण शिडी आणायला मागच्या गॅलरीत जावं लागतं. आणि मी आंघोळीला गेले होते. म्हणजे दहा मिनिटं थांबले असते तर मी धरलं असतं, पण त्यांना दहा मिनिटं कुणी थांबवलंय.

मी बाहेर आले तर ते जमिनीवर बसलेले, डोक्याला मागे हात लावून, आणि हसत होते. म्हणाले लिफ्टनं आलो खाली. छोटं टेंगूळ होतं फक्त. रक्त नाही काही नाही. सेल घातला होता त्यांनी, घड्याळ चालू होतं. मी डॉक्टरकडे चला म्हटलं, एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मनू मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. आणि ते म्हणाले मनूला सांगू नको, ती रजा टाकून येईल आणि मला आयुष्यभर स्टुलावर चढू देणार नाही. मला पण वाटलं उगाच तुला कशाला.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. ते तुला काय म्हणाले आठवतंय का? "आज पॅराशूटशिवाय उडी मारली." तू हसलीस, मी इकडे ऐकलं स्पीकरवर. म्हणजे त्यांनी तुला सांगितलं होतं एका अर्थी. हे मी तुझ्यावर ढकलायला लिहीत नाहीये, प्लीज तसं घेऊ नकोस, तुला कसं कळणार होतं, समोर टेंगूळ बघूनही मला कळलं नाही. मी एवढ्यासाठी सांगतेय की मी एकटीच फसले नाही, त्या माणसाची थापा मारायची पद्धतच अशी होती की खरं सांगितलं तरी थाप वाटायची.

पुढचं मी कुणालाच सांगितलं नाहीये, दादाला पण नाही.

दहा-बारा दिवसांनी ते एकदा चपला उलट्या घालून आले. डावी उजव्यात. मी हसले. ते पण हसले. मग एक दिवस शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली, मी म्हटलं काय हा अवतार, ते म्हणाले फॅशन. पकड मागताना आत्या म्हणेनात, पकड पण म्हणेनात, "ते दे गं, ते चावणारं" असं म्हणाले. मला वाटलं नवीन नाव ठेवलं पकडीला. दुपारी झोपायला लागले होते, जे कधी झोपायचे नाहीत. मी हसत होते मनू. रोज नवीन गंमत चाललीय असं वाटून मी हसत होते.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी उजवा हात उचलेना तेव्हा कळलं. स्कॅन केल्यावर डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, साध्या आपटण्यानं पण एखादी फुटते आणि थेंब थेंब झिरपत राहतं, दिवसच्या दिवस, कधी कित्येक आठवडे. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या की धोका आणखी जास्त. मी गोळ्या रोज हातानं काढून देत होते. ६९ वर्षांचा माणूस, आपटल्यावर त्याच दिवशी स्कॅन करायला पाहिजे होता.

तू पोचलीस तेव्हा त्यांना आत नेलं होतं त्यामुळे तू हे ऐकलं नाहीस. कवटीला छोटी भोकं पाडून साठलेलं रक्त काढतात असं सांगितलं तर हा माणूस, जीभ जड झालेली, शब्द सापडत नाहीत, त्या डॉक्टरांना विचारतो, "किती एमएमचं बिट?" डॉक्टर बिचारे तरुण होते, त्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले आणि म्हणाले काका, तुमच्या भिंतीसाठी मोठं लागेल. हे मी तुला त्याच दिवशी सांगणार होते. मग ऑपरेशन बरं झालं, मग न्यूमोनिया झाला, आणि मग काही सांगण्यासारखं राहिलंच नाही.

तर हो, फसवलं. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला पण सोपं वाटलं म्हणून. तू माफ कर असं मी म्हणत नाही. गळ्यात पुठ्ठा अडकवून तुझ्या दाराबाहेर बसायला माझे गुडघे चालत नाहीत, नाहीतर बसले असते.

पण मला एवढं बोलू दे, खुर्चीवर. चाकांची आणि वर गोल फिरणारी खुर्ची, तिच्यावर उभं राहून हातात ड्रिल. मनू, कुणी असतं का घरात तू चढतेस तेव्हा? रूममेट नाइट शिफ्टला जाते म्हणालेली. समज तू पडलीस आणि डोकं आपटलं आणि तू म्हणालीस काही नाही, टेंगूळ आहे, आणि झोपलीस. तू तरुण आहेस, तुला त्या गोळ्या नाहीत, मान्य, सगळं मान्य. पण डोकं दुखणं वाढत गेलं, उलटी झाली, झोप झोप व्हायला लागलं, शब्द चुकायला लागले तर तुला स्वतःला नाही कळणार ते, समोरच्याला कळतं. त्यांना स्वतःला कुठे कळत होतं. म्हणून मला सांगायचं. टेंगूळ आलं तरी सांगायचं. मी घाबरेन, ओरडेन, रजा टाकायला मला रजाच नाही त्यामुळे सरळ बस पकडून येईन, ते सगळं सहन करायचं पण सांगायचं. तू मला फसवलंस म्हणालीस ना, मग तू मला फसवू नकोस.

बघ, परत तेच. सॉरी. तू ३१ वर्षांची आहेस. एक शिडी घे ना पण. ॲल्युमिनियमची घडीची, चार पायऱ्यांची, पलंगाखाली मावते. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. झालं, संपलं, आता नाही बोलणार.

माझं सांगते. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता गेल्या आठवड्यात. मी जोरात पिळत होते तर मला बाबांचा आवाज ऐकू आला की पिळून नळ बंद होत नाही, वॉशर मरतो. मग मी खालचा कॉक बंद केला, पान्ह्यानं नळ उघडला (टूलबॉक्स तुझ्याकडे, पान्हा काकूंकडून आणला), आतला वॉशर अगदी चपटा झाला होता, नवीन घातला. टेफ्लॉन टेप पण गुंडाळली बाहेरच्या आट्यांना, ज्या दिशेनं पिळणार त्याच दिशेनं, नाहीतर सुटते. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. गळत नाही. सगळं जमिनीवर उभं राहून केलं, हे विशेष नोंद करून घ्यावं. एक स्क्रू उरला. बरणीत टाकला.

स्टूल मी टाकलं नाहीये. आत्या म्हणाली जाळून टाक. मला त्याच्यावर राग येत नाही, मी त्याच्यावर बसून चपला घालते आता, पुठ्ठा काढलाय, डुगडुगतं, बसणाऱ्याला काय फरक पडतो. आखूड पाय तेवढा नीट करता येईल का तुला? बाकीचे तीन कापायचे नाहीत असं ते म्हणायचे, कापत कापत पाट होतो त्याचा. पायाखाली तुकडा जोडावा लागेल.

घड्याळ चालू आहे. त्यांनी घातलेला सेल आहे. दहा मिनिटं पुढे आहे, मला उशीर होतो म्हणून ते मुद्दाम पुढे ठेवायचे आणि मला माहीत असल्यामुळे मी दहा मिनिटं वजा करायचे, असं तीस वर्षं चाललं होतं. तो सेल कधीतरी संपेल. तेव्हा शिडी लावून तू चढ, मी धरते.

आणि अगं, ड्रिलचा चार्जर इथेच राहिलाय, टीव्हीमागे, मला आज झाडताना दिसला. म्हणजे तुझं ड्रिल आता आहे त्या चार्जिंगवर चाललंय, दुसरं शेल्फ लावायच्या आधीच बंद पडेल. कुरिअर करू की तू येतेस?

आई